एक वाजून दहा मिनिटांची ओ

"सरकारला गाण्यात बोलवायलीस, बोलव. पण ध्यानात ठेव दानेश्वरी, ते आलं की गाणं ऐकत बसत न्हाई, रकाने आखत बसतंय. आणि आपली अर्धी गाणी कुठल्याच रकान्यात मावत न्हाईत."

शिवशंकरप्पा हे बोलले तेव्हा टेबलाखाली बसून माइकची तुटलेली वायर डाग देऊन जोडत होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते. टेबलाखालून आलेला सल्ला दानेश्वरीनं हसण्यावारी नेला. मांडीवर आठ महिन्यांची लेक चिन्नी, समोर चार पानी निवेदन, आणि त्याची शेवटची ओळ काही केल्या मनासारखी जमत नव्हती.

"अप्पा, आधी बाहेर या. डोकं आपटेल."

"माझं आपटलं तर टेंगूळ यील. तुझं हे निवेदन कुठं जाऊन आपटतंय ते बघ."

शेजार रेडिओ म्हणजे बीदर जिल्ह्यातल्या मुडबी गावाबाहेर, एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या वसतिगृहातल्या दोन खोल्या. एकीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्यात, तो स्टुडिओ. दुसरीत कॉम्प्युटर, चहाचा स्टोव्ह आणि चिन्नीचा पाळणा. आवाज चौफेर दहा-बारा किलोमीटर जातो, त्यापुढं नुसती खरखर. शिवशंकरप्पांनी मन्नाएखेळ्ळीला हायवेवर तीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं. मोबाइल आले, दुकान बसलं, आणि ते इथं आले. इथले इंजिनिअर तेच, राखणदार तेच आणि खोड काढणारेही तेच. दानेश्वरी गुलबर्ग्याच्या कॉलेजात पत्रकारिता शिकलेली. माइकवर बोलायचं, गावोगाव जाऊन बायकांची गाणी रेकॉर्ड करायची आणि मधल्या वेळात पाळण्यात वाकून चिन्नीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, हा तिचा दिवस. शिवशंकरप्पा म्हणायचे, "पोरगी निजलीय गं, मेली न्हाई. किती बारी बघशील?" दानेश्वरीला त्यांचा राग यायचा आणि ती पुन्हा वाकून बघायची.

निवेदनाचं कारण साधं होतं. शहरातल्या खाजगी स्टेशनांनी सकाळचा शरणांच्या कानडी वचनांचा तास काढला, दुपारचा मराठी तास काढला आणि दिवसभर तीच पंचवीस-तीस हिंदी गाणी फिरवायला घेतली. बायका कुरकुरल्या, पत्रं गेली, काही झालं नाही. अशात एका समितीनं लोकांची मतं मागवली: कोणत्या स्टेशननं कोणत्या प्रकारची गाणी किती वाजवायची, हा साचा सरकारनं ठरवावा का? दानेश्वरीला उत्तर माहीत होतं. ठरवावा. जिच्याकडं दुकानातून काही घ्यायची ऐपत नाही तिच्या आवडीचं गाणं बाजार कशाला लावेल? हे वाक्य तिनं निवेदनात लिहिलं होतं. ते तिला आजही खोटं वाटत नाही, आणि तेच जास्त लागतं.

"बघा अप्पा," ती त्या दिवशी म्हणाली, "कॅनॉलच्या पाण्याला बारी लावतात की नाही? बारी नसेल तर वरचाच सगळं पाणी ओढतो, खालच्याचं रान कोरडं."

शिवशंकरप्पा टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले. "पाणी सगळं सारखंच असतंय, म्हणून त्याला बारी लागती. गाणं पाणी हाय व्हय?"

"तुम्हाला ना, कशालाच व्हय म्हणायचं नसतं."

"चहाला म्हणतो की. ठेव."

तिनं चहा ठेवला आणि निवेदन पाठवून दिलं. पुढं कधी प्रयोग करायचा झाला तर आमचं स्टेशन तयार आहे, असंही खाली लिहून टाकलं. हे शिवशंकरप्पांना विचारलं नव्हतं.

आता ओ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

गावात कुणी हाक मारली की आपण ओ देतो. दानेश्वरीनं ही रीत रेडिओवर आणली होती. रोज दुपारी एकला 'पाळण्याची वेळ' लागायची. लेकरं निजवायची गाणी, याच भागातल्या बायकांच्या तोंडची. शेवटी ती म्हणायची, "ऐकलं असेल तर ओ द्या गं." मग स्टेशनच्या बटणांच्या लहान मोबाइलवर मिस कॉल यायला लागायचे. दोन रिंगा, की बंद. ना बोलणं, ना खर्च. तीस-चाळीस जणी होत्या. दानेश्वरी वहीत नावापुढं बरोबरची खूण करायची. कुणाची खूण सलग दोन दिवस चुकली की चौकशी व्हायची.

त्यात चंद्रभागाबाईंची ओ कधी चुकायची नाही. एक वाजून दहा मिनिटांनी, त्यांचंच गाणं संपता संपता.

चंद्रभागाबाई मुडबीपासून पाच-सहा किलोमीटरवर, ओढ्यापलीकडं मळ्यातल्या घरात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा धनराज बीदरजवळ कोळारला गोदामात कामाला. आईला चल म्हणायचा, तर "तिथं पत्र्याच्या खोलीत माझ्या म्हशीला कुठं बांधू?" म्हणायच्या. म्हैस विकली, तरी तेच उत्तर.

दानेश्वरी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेली तेव्हा चिन्नी तीन महिन्यांची होती आणि रडून लालबुंद झाली होती. रेकॉर्डर चालू करून ठेवलेला, पण रडण्यापुढं काही सुचेना. चंद्रभागाबाईंनी न विचारता पोरीला उचललं, आडवं केलं आणि सुरू केलं:

झोप गं साळू, सावली आली वळू,
निद्दी बंत नन कंदगं, गाळी बीसु मेल्लगं.

पहिली ओळ मराठी, दुसरी कानडी. तिचा अर्थ, माझ्या लेकराला झोप आली, वाऱ्या हळू वाह. आणि कानडी ओळ आली की त्यांचा आवाज बदलायचा, जरा जाड आणि लांबून आल्यासारखा व्हायचा.

"ती ओळ माझी न्हवं, सिद्धव्वाची," त्या नंतर म्हणाल्या. सिद्धव्वा शेजारच्या रानातली. दोघींची बाळंतपणं एकाच सुगीतली. लिंबाच्या एका फांदीला दोन झोळ्या बांधायच्या, एक जण दम खायला बसली की तिनं दोन्ही झोके द्यायचे. ही मराठीत म्हणायची, ती खुरपता खुरपता कानडीत पुढचं म्हणायची. "ती गेली. आता दोघींचं मी एकटीच म्हणती. तिचं तिच्या आवाजात म्हणावं लागतंय, न्हाईतर माझंच मला ओळखू येत न्हाई."

चिन्नी झोपली होती. रेकॉर्डर चालूच होता. ते गाणं मग रोज शेवटी लागायला लागलं, आणि रोज एक वाजून दहा मिनिटांनी चंद्रभागाबाईंची ओ. ओ दिली की त्या रेडिओ बंद करायच्या. "पोरगं निजल्यावर बोंबलू कशाला द्यायचं?" घरात पोरगं नव्हतं. पण शिस्त ती शिस्त.

एकदा श्रावणात दोन दिवस त्यांची खूण चुकली. दानेश्वरीनं शेजारच्या मळ्यातल्या काशप्पाला फोन करून बघायला पाठवलं. चंद्रभागाबाई तापानं फणफणलेल्या, पाणी द्यायला कुणी नाही. काशप्पानं गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून धनराज दर गुरुवारी संध्याकाळी शिफ्ट सुटली की दानेश्वरीला फोन करायचा. "ताई, आईची ओ यायलीय न्हवं?" दिवसा त्याचा मोबाइल गोदामाच्या गेटवर जमा असायचा. "ती फोन करती तवा म्या आत. तुमची वही हाय म्हणून मला झोप लागतीय बघा." चंद्रभागाबाईंना नंबर वाचता यायचे नाहीत, म्हणून दानेश्वरीनं त्यांच्या मोबाइलमध्ये सोय करून दिली होती. एकचं बटण दाबून धरलं की रेडिओ, दोनचं दाबलं की लेक.

"आधी रेडिओ व्हय? आणि ल्योक दुसरा?" त्या हसल्या होत्या.

"धनराजचा फोन गेटवर असतो मावशी. आमचा टेबलावर असतो."

दिवाळीनंतर प्रयोग आला. बारा आठवडे. निवेदनातली दानेश्वरीची एक ओळ परिपत्रकात जशीच्या तशी होती: 'स्थानिक गाण्यांना निश्चित आणि राखीव वेळ'. तिनं ती शिवशंकरप्पांना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून खालचा तक्ता वाचला.

दर तासाचा साचा ठरलेला. दुपारी एक ते दोन 'मान्य लोकसंगीत'. चाळीस गाण्यांची यादी सोबत, स्वच्छ रेकॉर्ड केलेली, वाद्यं वगैरे सगळं नीट. यादीबाहेरचं गाणं लावायचं तर अर्ज. अर्जात प्रकार, आणि भाषा, एकच निवडा.

तिनं कार्यालयात फोन केला. तिकडचा माणूस खरंच चांगला बोलत होता. "मॅडम, जास्त ओळी ज्या भाषेत, ती भाषा लिहा."

"अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड आहेत."

"बरोबर अर्ध्या?"

"दोघींनी मिळून म्हटलंय सर. बरोबर अर्ध्या."

"मग या फेरीत नाही बसणार. तुम्ही सूचना लिहून पाठवा, पुढच्या वेळी बघू."

शिवशंकरप्पा म्हणाले, "मराठी लिही आणि लाव. ओळी मोजायला कोण बसलंय?"

"मोजा म्हणून मीच सांगितलंय अप्पा. आता मीच खोटं लिहू? आणि लिहिलं तर सिद्धव्वाचं काय?"

"सिद्धव्वा मेलीय. चंद्रभागाबाई जित्ती हाय."

हेही तिनं तेव्हा ऐकून सोडून दिलं.

पहिल्या दिवशी यादीतली गाणी लागली. एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, पण दोन रिंगांवर थांबला नाही. दानेश्वरीनं उचलला.

"बाई, आमचं गाणं कामून लावनास?"

"मावशी, बारा आठवडे नाही लागणार. सरकारचा नियम आलाय."

"सरकारला आमच्या गाण्यात काय खुपायलंय?"

"खुपत नाही हो. उलट आपल्या गाण्यांसाठीच केलंय. हे जे लागतंय तेही आपल्याकडचंच आहे."

"व्हय, ऐकलं की. ढोलकं वाजवायलेत. ढोलक्यावर पोरगं निजतंय कुठं?"

दानेश्वरी हसली. "तुम्ही ओ मात्र देत जा."

मग चंद्रभागाबाई म्हणाल्या, "ओ गाण्याला देत होते गं. सिद्धव्वा म्हणायची, मी ओ द्यायची. सरकारला कशाला देऊ? जाऊ दे. येळवशीच्या सणाला ये चिन्नीला घेऊन. कोपीत निजवू तिला. तिथं नियम न्हाई."

त्या आठवड्यात सगळ्याच बायकांचे फोन आले. आमचं का काढलं, हिचं का काढलं, तू सरकारची झालीस का. दिवसभर तो लहान मोबाइल वाजायचा, चिन्नी दचकून उठायची, आणि दानेश्वरीकडं प्रत्येकीला द्यायला तेच एक उत्तर होतं, जे द्यायची तिलाच लाज वाटायला लागली होती. नवव्या दिवशी तिनं मोबाइलचा आवाज बंद केला. चार्जरला लावला आणि टेबलाच्या खणात सारला. कार्यक्रमच नाही तर ओ तरी कशाची? वहीही त्याच खणात गेली. बारा आठवड्यांचा तर प्रश्न.

धनराजला तिनं खरं ते सांगितलं. "आता ओ बंद आहे. गाणं नाही ना. मावशी रुसल्यात आमच्यावर."

"रुसती ती," तो हसला. "मी आठवीत नापास झालो तवा वरीसभर बोलली न्हाई. भाकरी मात्र द्यायची." मग तो रविवारी आईला स्वतःच फोन करायला लागला.

सहावा आठवडा. शुक्रवारी येळवस होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला या भागात घरात कुणी राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याची कोपी करून पाच दगडांची पूजा करतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील खातात. गुरुवारी संध्याकाळी धनराजचा फोन आला. चिन्नीला दाढा येत होत्या, अंग गरम होतं, आणि दानेश्वरी एका हातानं तिच्या पोटावर तळवा ठेवून श्वास मोजत होती.

"ताई, आईचा फोन बंद लागायलाय. काल सांजच्यापासून. तसा म्या उद्या सकाळच्याला येणारच हाव येळवशीला. पण आत्ता निघू का? शेवटची गाडी घावंल. तुमाला काय वाटतंय?"

त्यानं सरळ विचारलं होतं. उत्तर तिच्यापासून दीड हातावरच्या खणात होतं.

"चार्जिंग केलं नसेल हो," दानेश्वरी म्हणाली. "आणि त्या रुसल्यात, तुम्हाला माहीतच आहे. उद्या येताय ना? मीही येतेय. कशाला रातोरात धावपळ?"

"व्हय. तेबी हाय," धनराज म्हणाला.

सकाळी ती शिवशंकरप्पांच्या मोपेडवर मागं बसून निघाली. चिन्नी दोघांच्या मध्ये, ताप उतरलेला. मोबाइलमध्ये तिनं ते गाणं घेतलं होतं. मावशींना म्हणणार होती, रेडिओवर नाही तर नाही, कोपीत तर लावू. दोन्ही बाजूंच्या रानांत कोप्या उभ्या होत्या, बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधानं निघाल्या होत्या, कुणी ओळखीचं हाक मारून आंबील प्यायला बोलवत होतं. ओढा ओलांडला तेव्हा लांबून शेजार रेडिओचाच आवाज ऐकू आला. निघताना कॉम्प्युटरवर लावून ठेवलेल्या सकाळच्या यादीतलं चौदावं गाणं. दानेश्वरीला बरं वाटलं. म्हणाली, "ऐकतात बघा अप्पा, रुसून का होईना."

शिवशंकरप्पांनी मोपेड हळू केली.

मळ्यात कोपी नव्हती. उंबऱ्यावर धनराज बसला होता. पायाशी पिशवी, पिशवीतून केळ्यांचा घड बाहेर आलेला. काशप्पा डोक्याचा टॉवेल काढून हातात घेऊन उभा होता. दानेश्वरीला बघून तो रडायलाच लागला.

"रेडिओ चालू होता की अक्का! काल दिसभर चालू, परवा चालू. म्हटलं म्हातारी ऐकायलीय. रेडिओ चालू हाय म्हटल्यावर माणूस ठीक हाय असंच वाटणार की न्हाई, तुम्हीच सांगा."

घरातल्या माणसानं एक वाजून दहा मिनिटांनी रेडिओ बंद केला नव्हता. दोन दिवस. हे कळायला हवं असं एकच माणूस होतं आणि ते मुडबीला बसून अर्ज भरत होतं.

चंद्रभागाबाई पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडल्या होत्या. खुबा मोडला होता. कधी पडल्या? बुधवारी सकाळी असाव्यात, कारण चुलीवर बुधवारचंच दूध होतं. हातात मोबाइल होता. रेडिओ वरच्या फळीवर, हात न पोचण्याइतका. डॉक्टर म्हणाले, जीव गुरुवारी गेला असेल. गुरुवारी कधी? धनराजनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की नाही सांगता येणार, संध्याकाळच्या पुढं.

रेडिओ शिवशंकरप्पांनी बंद केला.

खण दानेश्वरीनं त्याच दुपारी उघडला. उघडायच्या आधी ती बराच वेळ त्या कडीकडं बघत बसली होती. मोबाइल पूर्ण चार्ज होता. त्यावर 'चंद्रभागा मावशी' हे नाव सात वेळा होतं. सगळे बुधवारचे. सात चाळीस. सात बेचाळीस. सात अठ्ठावन्न. साडेनऊ. मग एकदम अकरा. मग बारा पंचावन्न.

आणि शेवटचा, एक वाजून दहा मिनिटांनी.

तेवढ्या वेळेला तरी फोनजवळ कुणी बसलेलं असतं, एवढं त्यांना माहीत होतं.

शिवशंकरप्पा तिच्या मागं येऊन उभे राहिले. ते काहीतरी बोलतील, मी सांगितलं नव्हतं का असं काहीतरी, म्हणून ती वाट बघत होती. त्यांनी बोललेलं तिला सोसलं असतं. त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला, आणि दोघांचाही चहा गार झाला.

तिसऱ्या दिवशी ती धनराजकडं गेली आणि तिनं सगळं सांगितलं. आवाज बंद केल्याचं, खणाचं, सात वेळांचं. सांगितलं नसतं तर त्याला कळलंच नसतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं. धनराजनं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, उठूनही गेला नाही.

"ताई, तुम्ही उद्या या म्हणालात तवा मी बॅग भरून उभा होतो," तो म्हणाला. "मग बॅग ठेवली. डबा उघडला. जेवलो."



बारा आठवडे संपले. पाळण्याची वेळ परत सुरू झाली, गाणं परत लागतं, बायका ओ देतात. मोबाइल टेबलावर असतो आणि त्याचा आवाज सगळ्यात मोठा ठेवलेला असतो. चिन्नी दचकते. दचकू दे. समितीचा एक कागद मात्र अजून पडून आहे. प्रयोगाबद्दल मत कळवा: गाण्यांचा साचा सरकारनं ठरवावा का? परवा गुलबर्ग्याहून आलेला एक रिक्षावाला खुशीत सांगत होता, आता तिकडच्या स्टेशनांवर सकाळी वचनं लागतात, मराठी लागतं, बरं वाटतं. त्याला बरं वाटतं हेही खरंच आहे. दानेश्वरीनं त्याला नाही म्हटलं नाही. पण तिच्याच्यानं 'होय' लिहवत नाही आणि 'नाही' लिहून चंद्रभागाबाई परत येत नाहीत. खण सरकारनं बंद केला नव्हता. साच्यानं तिला फक्त एक कारण दिलं होतं, आणि मग तिला कुणाची चौकशी करायची गरजच वाटली नाही. हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी ती आता धनराजला फोन करते. पहिल्या गुरुवारी त्यानं उचलला, हं हं केलं. पुढच्या गुरुवारी रिंग पूर्ण गेली. आता तीन आठवडे झाले, फोन बंदच लागतो. घरचे म्हणतात, तुझ्यावर राग असणार, असू दे काही दिवस. काशप्पा म्हणतो, नंबर बदलला असंल. दोघांचंही पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नाही. चिन्नीला पुन्हा ताप आहे, तिला सोडून बीदरला जाता येत नाही. शिवशंकरप्पा सोमवारी जाऊन येतो म्हणालेत. सोमवारला अजून चार दिवस आहेत.

तेव्हा हे वाचणारं कुणी बीदरकडचं असेल, तर दानेश्वरीचं तुमच्याकडं एक मागणं आहे. कोळारला औद्योगिक वसाहतीत, पाण्याच्या मोठ्या टाकीमागं, बियाण्यांच्या पोत्यांचं निळ्या शटरचं गोदाम आहे. उंच, जरा वाकून चालणारा, डाव्या भुवईवर जुनी खोक असलेला माणूस सहाला गेटमधून बाहेर पडतो. त्याचं नाव धनराज. बाहेर पडताना दिसला नाही, तर गेटवर विचारा, तो मागं पत्र्याच्या कुठल्या खोलीत राहतो ते. दार वाजवा. आतून रेडिओचा आवाज येत असला तरी वाजवा. कुणी म्हणेल, तो रुसलाय, कुणाशी बोलत नाही. तेवढ्यावर परत फिरू नका. तो स्वतः ओ देईपर्यंत हाक मारा.